नाताळच्या नाटकातली मरिया

सांगलीहून कुपवाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, औद्योगिक वसाहतीच्या थोडं अलीकडे एक लहानशी कॅथॉलिक शाळा होती. तिथं मी चार वर्षं शिकवलं. बाहत्तरचा दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते. मी बावीस वर्षांची, नुकतीच डी.एड. झालेली, पाटणजवळच्या एका गावातली. वडिलांच्या मनात जिल्हा परिषदेची शाळा होती. ती मिळाली नाही. मावशी सांगलीत राहायची, म्हणून इथं अर्ज टाकला.

मुलाखतीत मोठ्या सिस्टरांनी मला तीनच प्रश्न विचारले. मुलांचा राग येतो का? अक्षर कसं आहे? सायकल येते का? पहिल्याचं उत्तर मी खोटं दिलं, दुसऱ्याचं फळ्यावर लिहून दाखवलं आणि तिसऱ्याला नाही म्हणाले. जूनमध्ये मला तिसरी आणि चौथी एकत्र दिली.

शाळा चौथीपर्यंतच होती. मंगलोरी कौलांच्या चार खोल्या, पुढं लांब पडवी, मागं तीन सिस्टरांचं घर आणि त्याला लागून प्रार्थनेची खोली. दर रविवारी मिरजेकडून एक फादर मोटारसायकलवरून मिसा, म्हणजे रविवारची प्रार्थना, करायला यायचे. तेव्हा आठ-दहा कॅथॉलिक घरं तिथं जमायची. त्यांत रेल्वेतली माणसं होती, एक बेकरीवाला होता, एक नर्सबाई होत्या. शाळेतली बाकीची मुलं मात्र सगळ्या प्रकारची. फौंड्रीत आणि वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्यांची, आसपासच्या ऊसवाल्यांची, हळदीच्या पेठेत हमाली करणाऱ्यांची, आणि रेल्वेच्या रुळापलीकडं बौद्धांची वस्ती होती तिथली.

मोठ्या सिस्टर मंगळूरच्या. वय पन्नाशीच्या पुढं. मराठी त्या पुस्तकातून शिकल्या होत्या, त्यामुळं त्यांचं बोलणं स्वच्छ आणि थोडं विचित्र असायचं. मला त्या ‘टीचर’ म्हणायच्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात माझ्याकडं एक जादा काम दिलं. फाटकापाशी पत्र्याच्या छपराखाली एक मोठा फळा होता. त्यावर दर सोमवारी, प्रार्थनेची घंटा व्हायच्या आधी, त्या आठवड्यातले आणि पुढचे कार्यक्रम लिहायचे. माता-पालक सभा, नखं तपासणी, सहल, खेळांचे सामने, फादरांची भेट, चाचणी परीक्षा. कामावर जाणारे बाप सायकल न उतरता एक पाय जमिनीला टेकवून फळा वाचायचे. ज्यांना वाचता यायचं नाही त्या आया पोरांकडून वाचून घ्यायच्या. त्या भागात वर्तमानपत्र फारसं कुणी घेत नव्हतं. आमचा फळा सगळे वाचायचे.

एकदा ‘बुधवारी देवी टोचणार’ असं लिहिलं आणि बुधवारी निम्मी शाळा रिकामी राहिली. पुढच्या वेळी मी सिस्टरांना सुचवलं की हे आधी लिहू नये. त्या म्हणाल्या, “जे होणार आहे ते लिहायचं. आईबापांना फसवून मुलं आणायची नाहीत.” दुसऱ्या खेपेला त्या आणि दवाखाना बघणाऱ्या सिस्टर आदल्या दिवशी घरोघर फिरल्या. त्या वेळी बरीच मुलं आली.

माझ्या पहिल्याच वर्षी डिसेंबर लागायच्या आधी सिस्टरांनी ठरवलं की नाताळचं नाटक मराठीत करायचं. तोवर कॅथॉलिक घरांतली दहा-बारा मुलं कोकणी आणि इंग्रजी गाणी म्हणायची आणि बाकीची शाळा समोर बसून बघायची. सिस्टर म्हणाल्या, या वेळी सगळ्या शाळेतून मुलं निवडायची. संवाद मी लिहायचे. मी ख्रिस्ती नव्हते, मला ती गोष्ट नीट माहीतही नव्हती. त्यांनी मला शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्राचं मराठी पुस्तक दिलं आणि नाताळची दहा-बारा जुनी भेटकार्डं दिली. “कोण कसा उभा राहतो ते चित्रात बघा,” म्हणाल्या. मी मावशीच्या माजघरात बसून चार दिवसांत नाटक लिहून काढलं.

येशूची आई मरिया, तिच्या कामासाठी आम्ही सात मुलींकडून उतारा म्हणून घेतला. त्यांत चौथीतली एक मुलगी होती. उंच, काळीसावळी, आवाज जाड आणि खणखणीत. रुळापलीकडच्या वस्तीतली. बाप कुपवाडच्या एका फौंड्रीत कामाला. मरियेचा उतारा तिनं म्हटलाच, शिवाय बाकीच्या सहा जणी म्हणत असताना त्यांचं कुठं काय चुकलं तेही सांगितलं. सिस्टर हसल्या आणि म्हणाल्या, “हीच.” माझंही तेच मत होतं.

सोमवारी फळ्यावर मी ‘नाताळचं नाटक’ असं ठळक लिहिलं आणि खाली कोण कोणाची भूमिका करणार ती यादी. पहिली ओळ मरियेची, दुसरी देवदूताची.

देवदूत झालेली मुलगी एका निवृत्त हवालदाराची होती. हा माणूस आमच्याच तालुक्यातला, माझ्या गावापासून दोन कोसांवरचा. सैन्यातून उतरल्यावर कुपवाडला एका कारखान्यात रखवालीच्या कामाला लागला होता. सव्वीस जानेवारीच्या आधी महिनाभर तो रोज सकाळी येऊन आमच्या मुलांकडून कवायत करून घ्यायचा. कुणी सांगितलं नव्हतं, आपण होऊन. मला तो ताई म्हणायचा. गावी गेला की आमच्या घरी डोकावून यायचा, येताना आईनं दिलेली तांदळाची पिशवी, कधी फणसाचे गरे आणून द्यायचा. परक्या गावात आपल्या भागातलं माणूस म्हणून मला त्याचा आधार वाटायचा.

मंगळवारी मधल्या सुट्टीत तो फाटकापाशी आला.

“ताई, फळा वाचला.”

“आवडलं का? तुमची मुलगी देवदूत झालीय.”

“वाचलं की. पर तो देवदूत येऊन करतो काय नेमकं?”

“मरियेला नमस्कार करतो आणि देवाचा निरोप सांगतो.”

“तेच म्हणतो मी.” त्यानं आवाज खाली आणला. “नमस्कार कुणाला करायचा? रुळापलीकडच्या पोरीला. माझं सोडा, मी मिलिट्रीत सगळ्यांबरोबर एका लंगरला जेवलोय. पर नाताळच्या सुमाराला गावाकडनं आमचे वडील येणार हायत. त्यांनी बघितलं तर काय म्हणतील? सिस्टर बिचाऱ्या लांबच्या, त्यांना इथलं काय म्हाईत. तुमी आपल्या भागातल्या. तुमाला सगळं कळतंय.”

 तो गेल्यावर मी वर्गातून ओलं फडकं आणलं आणि यादीतली पहिली ओळ पुसली. सिस्टरांना विचारलं नाही. तेव्हा मी स्वतःला सांगितलं की हे तात्पुरतं आहे, नीट विचार करून पुन्हा लिहू. पण खरं तर मी विचार करत नव्हते. त्याच्या शेवटच्या वाक्याला मी मनातल्या मनात हो म्हटलं होतं, कारण मला खरोखर सगळं कळत होतं. आमच्या गावातही तसंच होतं. आमच्या आडावर कोण येत नाही, हे मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

शाळा सुटल्यावर ती मुलगी फळ्यापुढं उभी राहिलेली दिसली. बाकीच्या ओळी होत्या, तिच्या जागी पांढरट फराटा होता.

“बाई, माझंच पुसलंसा?”

“अजून ठरायचंय.”

“माझं पाठ झालंय सगळं. देवदूताचं पण झालंय.”

“बघू म्हटलं ना. घरी जा.”

ती गेली. रस्ता ओलांडेपर्यंत दोनदा मागं वळून बघितलं तिनं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाटक उघडत होते तेव्हा तिचे वडील सायकल घेऊन बाहेर उभे होते. पुढच्या दांडीला जेवणाचा डबा अडकवलेला. चाळिशीच्या आतले गृहस्थ. हातांवर भाजल्याचे जुने डाग होते. ओतकाम करणाऱ्या पुष्कळ माणसांच्या हातांवर तसे असायचे. ते कशाला आले असतील हे मला कळलं आणि मी उत्तर जुळवायला लागले. पण त्यांनी सुरुवात वेगळीच केली.

“बाई, सोमवारी पोरीनं घरी सांगितलं, मी नाटकात देवाची आई झालीया म्हणून. लय आनंदात हुती. मी म्हटलं, ऱ्हाऊ दे, मी शाळंत जाऊन बोलतो. आमच्या वडलांनी छप्पन साली दीक्षा घेतली. घरातलं देव सगळं गाठोड्यात बांधलं आन् किष्णेत सोडलं. ते गाठोडं माझ्याच डोक्यावर हुतं. एकोणीस वरसाचा हुतो मी तवा. आता माझ्याच पोरीला देवाची आई करून उभी केली तर मी वस्तीत काय सांगू? शाळंवर आमचा राग न्हाई. पर तिचं नाव काढा, असं सांगायला मी कालच येणार हुतो. सुट्टी मिळाली न्हाई.”

मला इतकं हलकं वाटलं की मी हसलेच. म्हटलं, “मग बरंच झालं की. नाव काढलंच आहे. तुमच्या मनासारखं झालं.”

त्यांनी फळ्याकडं बघितलं. मग माझ्याकडं.

“माझ्या मनासारखं कसं? मी अजून सांगितलंच न्हवतं.”

मी फाटकाच्या कुलपातली किल्ली काढायला लागले.

“सिस्टरनी पुसाय लावलं?”

“नाही.”

“मग?”

“मीच पुसलं.”

“का?”

“एका पालकांचं म्हणणं पडलं की...” एवढं म्हणून मी थांबले.  पुढचं ऐकायची त्यांना गरजही नव्हती. त्यांनी मान हलवली, जशी एखादी जुनी ओळखीची गोष्ट ऐकल्यावर माणूस हलवतो.

“आमी न्हाई म्हणणं येगळं, बाई. तुमी पुसणं येगळं.” आवाज चढवला नव्हता त्यांनी. “आदी ते नाव हुतं तितं परत लिवा. ती करंल का न्हाई ते मग मी सांगतो. आता भोंगा व्हायचा हाय. सांजच्याला येतो, मोठ्या सिस्टरना सांगून ठेवा.”

ते सायकलवर बसून गेले.

मी मागच्या घरात गेले. मोठ्या सिस्टर शिलाई मशीनवर नाटकाचा पडदा शिवत होत्या. दोन जुन्या साड्या जोडून पडदा करायचा होता. मी त्यांना सगळं सांगितलं. हवालदार काय म्हणाला, मी काय केलं, आता हे काय म्हणून गेले. सांगताना मी आधी थोडं आपल्या बाजूनं सांगत होते, मग ते सोडून दिलं. त्यांनी मशीन थांबवलं नाही. शिवण शेवटपर्यंत नेली, दोरा तोडला, मग विचारलं,

“फळा कोणाचा आहे, टीचर?”

“शाळेचा.”

“तुम्ही कोणाला विचारलं?”

“कोणाला नाही.”

“जा, लिहा. मुलं वर्गात जाण्याच्या आधी.”

त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. बाहेर मुलं प्रार्थनेला रांगेत उभी होती. दीडशे मुलांच्या समोर मी खडू घेऊन फळ्यापाशी गेले आणि त्या जागेवर मुलीचं नाव पुन्हा लिहिलं.  रांगेतून तिचा तो जाड आवाज आला, “बाई, वेलांटी दुसरी पायजे.” मुलं हसली. मी पहिली वेलांटी पुसून दुसरी काढली. गेले सहा महिने शुद्धलेखनावरून मी तिलाच छड्या दिल्या होत्या.

त्या दिवशी संध्याकाळी पडवीत बाकावर मोठ्या सिस्टर आणि ते गृहस्थ बसले. मी खांबाला टेकून उभी होते. सिस्टरांनी पहिल्यांदा झाल्या गोष्टीबद्दल शाळेच्या वतीनं माफी मागितली. ‘टीचरची चूक’ असं म्हणाल्या नाहीत, ‘शाळेची चूक’ म्हणाल्या. मुलीच्या वडिलांनी ते ऐकून घेतलं आणि ते लगेच मुद्द्यावर आले.

“माझी अडचण सांगतो, सिस्टर. नाव परत लिवलंसा, ते बगितलं मी. आता पोरीनं करू ने असं मला वाटत न्हाई. काल मी न्हाईच म्हणणार हुतो, पर आता न्हाई म्हटलं तर ती म्हणंल, त्या पुसणाऱ्यांचंच खरं झालं. पर तिनं कुणापुढं हात जोडायचं न्हाईत. गुडघं टेकायचं न्हाईत. ते आमी सोडलंय.”

मी लिहिलेल्या नाटकात शेवटी मरिया गव्हाणीपुढं गुडघे टेकून, हात जोडून बाळाला वंदन करते असं होतं. भेटकार्डांवर तशीच चित्रं होती. सिस्टरांनी माझ्याकडून वही मागून घेतली, ते पान वाचलं आणि वही मिटून मांडीवर ठेवली.

मग त्यांनी विचारलं, “तुमची ही मुलगी जन्मली, तेव्हा तुमच्या पत्नीनं हात जोडले?”

ते हसले. “तिनं? ती म्हणाली, पाणी द्या.”

“तेच,” सिस्टर म्हणाल्या. “मरिया बाळंतीण आहे. गुरांच्या गोठ्यात बाळंत झाली आहे, थकली आहे. ती कशाला गुडघे टेकेल? ती बसेल आणि बाळाला मांडीवर घेईल.”

“आन् तो देवदूत येतो तवा?”

“तेव्हा देवदूत तिला नमस्कार करतो. तिनं उलट करावा असं कुठं लिहिलेलं नाही.”

मुलीच्या वडिलांनी यावर बराच विचार केला. वस्तीत दोन जाणत्या माणसांशी बोलतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना त्यांनी फाटकाशी सायकल थांबवली. म्हणाले, “सिस्टरना सांगा, ती आई हुईल. देवाची का कुणाची, ते तुमचं तुमी बगा.”

हा निरोप मी सिस्टरांना जसाच्या तसा सांगितला. त्या पुष्कळ वेळ हसत होत्या. संध्याकाळी त्यांनी तो धाकट्या सिस्टरांना सांगितला तेव्हा पुन्हा हसल्या.

हवालदाराला त्यांनी निरोप धाडून बोलावलं. त्याच्याशी त्या उभ्यानंच बोलल्या. नाटकातली मुलं शाळेनं निवडली आहेत, त्यांत बदल होणार नाही. तुमच्या मुलीनं देवदूत व्हावं अशी आमची इच्छा आहे. होणार की नाही ते तुम्ही उद्यापर्यंत सांगा. तो म्हणाला, उद्यापर्यंत कशाला, आत्ताच सांगतो, नाही. जाताना पडवीच्या पायरीवर मी होते. “ताई, तुमच्याकडनं अशी अपेक्षा न्हवती,” म्हणाला. दोन दिवसांत दोन माणसांनी मला सुनावलं होतं.  त्याची मुलगी वर्गात मागच्या बाकावर बसून रडली. 

देवदूताचं काम बेकरीवाल्याच्या मुलीकडं गेलं. ती दुसरीत होती, दिसायला गोड, पण पाठांतराच्या नावानं शून्य. पुढचे दहा दिवस मी तिच्याकडून पाच वाक्यं घोटून घेत होते. पुठ्ठ्याचे पंख करून त्यांना कापूस चिकटवला. ते तिच्या पाठीवर चढवले की ती संवाद विसरायची, आणि काढले की तिला आठवायचे.

नाटक नाताळच्या दोन दिवस आधी, दुपारी चार वाजता, शाळेच्या पटांगणात झालं. बाकं जोडून रंगमंच केला होता. माणसं मला वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळ आली. पहिल्या रांगेत खुर्च्यांवर फादर आणि कॅथॉलिक घरातली वडीलधारी मंडळी. मग सतरंजीवर मुलं, त्यांच्या मागं बायका. पुरुष कडेनं उभे. रुळापलीकडून पंधरा-वीस माणसं आली आणि एकत्र एका बाजूला बसली. मुलीचे वडील सगळ्यांच्या मागं सायकलला टेकून उभे होते. हवालदार आला नाही. पण त्याची बायको मुलीला घेऊन आली, आणि बरोबर पागोटंवाला एक म्हातारा होता. तेच गावाकडचे वडील. सिस्टरांनी त्यांना पुढं खुर्ची दिली. मी पडद्याच्या कडेला वही घेऊन बसले होते, तिथून ते तिघं मला दिसत होते.

देवदूत आला. नमस्कार केला. “मरिये, भिऊ नकोस,” म्हणाला आणि गप्प झाला. मी वहीतून पुढचं वाक्य पुटपुटले. तिला ऐकू गेलं नाही. ती पंखांसकट माझ्याकडं, मग आपल्या आईकडं बघायला लागली. ओठ थरथरायला लागले. तेवढ्यात मरियेनं, आपल्या मते हळूच, पण सगळ्या पटांगणाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “तुला मुलगा होईल, म्हण.” देवदूत म्हणाला, “तुला मुलगा होईल.” लोक हसले, टाळ्याही पडल्या. पुढची तीन वाक्यं मरियेनं अशीच सांगितली आणि देवदूतानं म्हटली. स्वतःला मिळालेला निरोप मरिया स्वतःच सांगत होती, पण त्याला इलाज नव्हता.

शेवटचा प्रवेश गव्हाणीचा. तालमीत आम्ही तिला स्टुलावर बसवून मांडीवर बाहुली देत होतो. त्या दिवशी ती स्टुलावर बसलीच नाही. स्टूल पायानं बाजूला सारलं, खाली बसली, दोन्ही पाय लांब पसरले आणि बाहुली नडग्यांवर आडवी घेतली. आपल्याकडं बायका तान्ह्याला न्हाऊ घालताना घेतात, अगदी तशी. एक हात त्याच्या मानेखाली. मग तिनं खोटंखोटं तेल लावलं आणि नाक ओढून सरळ केलं. हे मी लिहिलेलं नव्हतं. बायकांमधून हसण्याचा आणि ‘अगं बया’चा एक मोठा आवाज आला. मेंढपाळ आणि राजे आपापल्या भेटी घेऊन उभे होते, ते तिचं होईपर्यंत थांबले. फादरांनी मोठ्या सिस्टरांकडं बघितलं. सिस्टर समोर बघत होत्या.

पागोटंवाले म्हातारे पुढं वाकून बघत होते. त्यांनी मागं वळून सुनेला विचारलं, “पोरगी गुणाची हाय. कुणाची म्हणायची?”

सुनेनं पदर सारखा केला. मग म्हणाली, “आमच्या शाळंतली हाय, मामंजी.”

“व्हय व्हय,” म्हातारे म्हणाले, आणि पुन्हा बघायला लागले.

नाटक संपल्यावर बेकरीवाल्यानं सगळ्यांना केक वाटला. रुळापलीकडची माणसं जायला निघाली होती, धाकट्या सिस्टरांनी त्यांना अडवून थाळा पुढं केला. काहींनी घेतला, काहींनी ‘असू द्या’ म्हटलं. हवालदाराच्या मुलीनं आपला तुकडा मरियेला दाखवला, तिनं आपला दाखवला, आणि कुणाच्यात मनुके जास्त आहेत यावरून दोघींचं भांडण लागलं. मी तिथून पुढं गेले.

जानेवारीत हवालदार कवायत घ्यायला येईल की नाही याची मला शंका होती. शाळा उघडली त्याच सकाळी तो पांढरी पँट घालून, शिट्टी गळ्यात अडकवून हजर. मोठ्या सिस्टरांना सॅल्यूट केला. माझ्याकडं बघितलं नाही. मुलींना उंचीप्रमाणं उभं केलं. रुळापलीकडची मुलगी सगळ्यांत उंच, म्हणून ती आघाडीला आली. तिच्या पाठोपाठ त्याची मुलगी. तो दोघींपुढं जरासा थांबला. मग ‘एक दो, एक दो’ सुरू झालं. माझ्याशी तो पुढं वर्षभर कामापुरतंच बोलला. गावाकडून तांदूळ यायचा बंद झाला.

एप्रिलमध्ये मुलीचे वडील शाळेत आले आणि त्यांनी सिस्टरांना जयंतीचं आमंत्रण दिलं. वस्तीत कार्यक्रम आहे, मुलं भाषणं करणार आहेत, तुम्ही सगळ्यांनी यायचं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, “बाई, तुमी पण या.” सिस्टर मला म्हणाल्या, “फळ्यावर लिहा.” आणि मी येणाऱ्या कार्यक्रमांत तेही लिहिलं.

आम्ही चौघी दुपारी रूळ ओलांडून चालत गेलो. तीन पांढऱ्या झग्यांतल्या सिस्टर आणि पातळातली मी. कार्यक्रम झाला, मुलीनं भाषण केलं, कागद हातात होता पण बघितला नाही. मग तिच्या घरी जेवायला बसलो. घर दोन खोल्यांचं, शेणानं सारवलेलं, भिंतीवर बुद्धाची तसबीर. तिच्या आईनं भात, आमटी, वांग्याची भाजी आणि गव्हाची खीर केली होती. ताट पुढं आल्यावर माझा हात थोडा अडखळला. किती वेळ ते सांगता येणार नाही, एखादा श्वासभर. सिस्टरांनी डोळे मिटून आपली प्रार्थना म्हटली, ती संपेपर्यंत घरची माणसं थांबली. मीही थांबले, त्यामुळं माझं अडखळणं कुणाच्या लक्षात आलं नसावं. पण मुलगी समोरच बसली होती आणि तिचं सगळ्यांकडं लक्ष असायचं.

“बाई, जेवा की,” ती म्हणाली.

मी जेवले. खीर दोनदा घेतली. घोटभर पाणीही प्याले. माझ्या आयुष्यात तसल्या घरी पाणी पिण्याची ती पहिली वेळ. निघताना मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, त्या दिवशी तुझं नाव मी पुसलं ते चुकलं. ती म्हणाली, “मला म्हाईत हाय.” आणि पळत बाहेर गेली, बाहेर तिच्या मैत्रिणी तिची वाट बघत होत्या.

मे महिन्यात मी गावी गेले. आई चुलीपुढं भाकऱ्या करत होती. तिनं तिकडचं सगळं विचारलं. मावशीची तब्येत, सिस्टर काय खातात, मला भाताशिवाय करमतं का. मग म्हणाली, “सणावाराला जेवायला कुणी बोलावतं का गं तिकडं?”

मी म्हटलं, “सिस्टरांच्यात जेवते कधी कधी.”